शाई फुटली

गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. न्यू जर्सीतल्या आमच्या गावच्या लायब्ररीत एका शनिवारी दुपारी ‘तुमचं नाव जपानी अक्षरांत’ असा कार्यक्रम होता. बाहेर कान गळून पडतील अशी थंडी आणि घरात नऊ वर्षांचा मुलगा सकाळपासून ‘आता काय करू’ म्हणत डोकं खात होता. फुकट आहे म्हटल्यावर आम्ही गेलोच. आत शिरताना आधी जाणवला तो वास. देवघराचा. म्हणजे अगदी भीमसेनी कापराचा. मी चक्रावून इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यातल्या टेबलावर जाड फेल्ट अंथरलेलं, पातळ कागदांची चळत, आणि सत्तरीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या एक जपानी बाई काळ्या दगडाच्या सहाणेवर शाईची कांडी उगाळत होत्या. चंदन उगाळावं तशीच, गोल गोल, घाई न करता, मधूनच दोन थेंब पाणी घालून. काजळी आणि सरस मळून ही कांडी करतात आणि सरसाचा वास झाकायला तिच्यात कापूर घालतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच वाटलं, की चिपळूणच्या आमच्या देवघराचं दार कुणीतरी इथे, इन्कम टॅक्सच्या फॉर्मांच्या रॅकशेजारी उघडून ठेवलंय.

आमचा नंबर आला. मुलाचं नाव ईशान. बाईंनी ते दोनदा म्हणायला लावलं, ओठांत घोळवून पाहिलं, ब्रश भिजवला आणि वरून खाली लिहून टाकलं. दोन तिरप्या रेघा, काही टिंबं, एक हूक, मधे नुसती एक उभी रेघ, शेवटी एक फराटा. झालं. मला काहीतरी कमी मिळाल्यासारखं वाटलं. हॉटेलांच्या पाट्यांवर असतात तशी गच्च, चौकटी-चौकटींची, दहा-बारा रेघांची अक्षरं माझ्या डोक्यात होती. मी म्हणाले, आणि किती सहज म्हणाले, “हे फारच साधं दिसतंय. ती दुसरी असतात ना, भरगच्च, त्यांत नाही का देता येणार?” बाईंनी ब्रश टेकवून ठेवला. “त्या अक्षरांना अर्थ असतात,” त्या म्हणाल्या. रागावून नाही. भाजीवाली जसं ‘आज पालक नाही’ सांगते, तसं. मी “हो, हो” करत कागद घेतला. माझ्या मागच्या तरुणाने बाही वर सारून दंड पुढे केला. त्यावर एक अक्षर आधीच गोंदलेलं होतं आणि ते नेमकं काय आहे हे त्याला विचारायचं होतं. बाईंनी चष्मा सारखा करून बघितलं आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

त्यांनी त्याला काय सांगितलं ते ऐकायला मी थांबले नाही.

पण ते गप्प राहणं माझ्याबरोबर घरी आलं. कारण दारात कोट काढताना समोरच्या भिंतीवर ती फ्रेम होती. चिपळूणचं घर मोडलं तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडी कागदांचं एक बाड निघालं होतं. बरेचसे कसर लागून चाळण झालेले. त्यातल्या त्यात धड असलेला एक मी उचलला, इकडे आणला आणि चांगले पैसे मोजून फ्रेम करून घेतला. तेरा ओळी. प्रत्येक ओळीची रेघ आधी एका दमात ओढलेली आणि तिला अक्षरं अशी लगडलेली, की बोरू उचललाच नसावा. आल्यागेल्याला मी सांगते, आमची जुनी लिपी, पणजोबांचं अक्षर. ‘काय सुंदर आहे!’ म्हणतात. मग कुणीतरी विचारतंच, काय लिहिलंय? तेव्हा मी हसते. मला मोडी येत नाही. बाबांनाही येत नव्हती. पन्नासच्या सुमाराला ती दप्तरातून गेली, मागोमाग घरातूनही गेली आणि आपल्या हाती बाळबोध तेवढी उरली. तेव्हा दंडावर न वाचता येणारं अक्षर गोंदवून घेणारा तो मुलगा आणि भिंतीवर न वाचता येणारे पणजोबा टांगणारी मी. त्याला निदान ते करून घेताना दुखलं तरी असेल.

फेब्रुवारीत बाईंचा बुधवार संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. मी नाव घातलं. बाकी सगळे त्यांना ‘सेन्सेई’ म्हणत. मी तोंडाने तेच म्हणायचे, पण मनात त्या पहिल्यापासून ‘बाई’ होत्या. पहिले तीन आठवडे एकच आडवी रेघ. जपानीत एक हा आकडा म्हणजे ती रेघ, त्यामुळे काहीतरी लिहितोय असं समाधानही मिळायचं. ब्रश उभा धरायचा, कोपर टेबलाला टेकवायचा नाही, टेकवल्यावर थांबायचं, मग ओढायचं, शेवटी पुन्हा थांबून उचलायचं. समोर बाईंनी काढलेला कित्ता. आजी सांगायची, तिच्या शाळेत बोरू तासायला एक वेगळा मास्तर नव्हता म्हणून ते काम मोठ्या मुलींकडे असे. मी स्वतः बोरू धरलेला नाही. आमच्या वेळी शाईचं पेन होतं आणि चिपळूणचा जून महिना होता. कोकणातला ज्यांचा शाळकरी पावसाळा झालाय त्यांना सांगायला नको. वह्या सादळलेल्या, दप्तराला ओल्या कुत्र्यासारखा वास, आणि कागदावर निब टेकवलं रे टेकवलं, की अक्षराला मुळं फुटायची. ‘शाई फुटली’ म्हणायचो आपण. आमच्या मराठीच्या बाई फुटलेल्या शाईचे मार्क कापत. कंपासपेटीत टीपकागदाचा चौकोनी तुकडा नसला तर बाकावर उभं राहावं लागे.

जपानी बाईंच्या वर्गात पहिल्यांदा माझी शाई फुटली तेव्हा मी ओशाळून कागद उलटा करायला गेले. त्यांनी तो सरळ केला. आसपासच्या दोघांना बोलावून दाखवला.

तिकडे त्याला नाव आहे. निजिमी. शाई कागदात उतरून कडेने झिरपते ती. आणि ब्रश कोरडा पडत गेला की रेघेच्या पोटात पांढऱ्या चिरा दिसायला लागतात, सारवताना हात संपत आल्यावर दिसतात ना, तशा, त्याला कासुरे. लिहिणाऱ्याला दोन्ही यावं लागतं. आपल्याकडे एकाला मार्क कापतात आणि दुसऱ्याला म्हणतात, पेनात शाई भर. असो. मुद्दा असा, की त्या वर्गात निजिमी फार क्वचित दिसायची. न्यू जर्सीचा हिवाळा म्हणजे चोवीस तास हीटर. हवा इतकी कोरडी, की दाराच्या मुठीला हात लावला की झिणझिणी येते, ओठ उलतात, आणि एकदा गंमत म्हणून घातलेल्या कुरडया हॉलमध्ये दीड दिवसात खडखडीत वाळल्या होत्या. आईला फोनवर सांगितलं तर ती हेवा वाटून गप्पच झाली. अशा हवेत ब्रश कागदावर टेकतो आणि शाई जिथल्या तिथे वाळते. म्हणून बाई वर्ग सुरू होण्याआधी कोपऱ्यात विजेची किटली झाकण उघडं टाकून लावून ठेवत. लायब्ररीच्या दिवशीही ती होती. मला वाटलं होतं चहासाठी असेल. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “एवढ्यासाठी तोको शिनोदा परत गेली.” मग जरा थांबून, “माझ्याजवळ किटली आहे.”

तोको शिनोदा. मी घरी येऊन शोधलं आणि मग दोन आठवडे दुसरं काही वाचलंच नाही. शाईत काम करणारी जपानी चित्रकार. जन्म १९१३चा, मांचुरियातल्या दालियानचा. वडिलांनी सहाव्या वर्षी हातात ब्रश दिला. चिनी काव्य, कित्ते, शिस्त, सगळं त्या घरातलं. शाळकरी वयात तिला एक प्रश्न पडला होता. नदीसाठी जे अक्षर आहे त्यात तीन उभ्या रेघा असतात. तीनच का? नदी तर कितीतरी रेघांची असते. मास्तरांना अर्थातच ते पटणारं नव्हतं. अक्षर म्हणजे अक्षर. आपण शाळेत ‘क’ची दांडी दोनदा का नाही काढायची असं विचारलं असतं तर काय झालं असतं, याचा अंदाज आहेच. पुढे तोक्योतल्या गिन्झात पहिलं प्रदर्शन लावलं तेव्हा जाणकारांनी शेरा मारला, की या अक्षरांना मूळ नाही. परंपरेतल्या कुणा मोठ्याची नक्कल त्यांत दिसत नव्हती, हा आक्षेप. मग युद्ध, मग क्षय, त्यातून ती कशीबशी उठली. आणि उठल्यावर तिची अक्षरं हळूहळू अक्षरं राहिनाशी झाली. रेघा उरल्या.

१९५४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जपानी सुलेखनाचं प्रदर्शन भरवलं, त्यात तिचं काम होतं. दोन वर्षांनी, १९५६ मध्ये, ती स्वतःच आली. एकटी, त्रेचाळिशीत, लग्न न केलेली, किमोनोत, दोन महिन्यांच्या व्हिसावर. त्या काळात जपानी माणसाला परदेशी निघणंच किती जड होतं, आणि बाईमाणसाला तर! व्हिसा वाढवत वाढवत ती १९५८पर्यंत राहिली. तेव्हाचं न्यूयॉर्क म्हणजे भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंग ओतणाऱ्यांचं. त्यांतला फ्रान्झ क्लाइन पांढऱ्यावर काळ्याचे दांडगे पट्टे ओढायचा, आणि गंमत म्हणजे क्योतोमध्ये मोरिता शिर्यू यांनी १९५१ साली ‘बोकुबी’ हे सुलेखनाचं मासिक काढलं, त्याच्या पहिल्याच अंकात या क्लाइनचं काम छापलं होतं. म्हणजे तिकडचे इकडे बघत होते, इकडचे तिकडे. पुढे क्लाइनने सांगून टाकलं, की आपलं काम म्हणजे सुलेखन नव्हे. खरंही असेल. पण तोकोला न्यूयॉर्कने एक गोष्ट दिली असं मला वाटतं, आणि ती चित्रकारांनी दिलेली नव्हती. तिथे कुणालाच ते वाचता येत नव्हतं. ‘हे कुठलं अक्षर?’ असं विचारणारं कुणी नाही, ‘मूळ कुठे आहे?’ म्हणणारं कुणी नाही. फक्त काळं, करडं आणि कागद. नदीला हव्या तेवढ्या रेघा काढा.

पण शाई वाळत होती.

तिच्या बोलण्यात पुढे हे वारंवार येतं. न्यूयॉर्कची हवा कोरडी. शाई कागदात उतरायच्या आत सुकते. जपानची हवा ओलसर, तिच्यात शाईला पसरायला सवड मिळते. म्हणून ती परत गेली आणि पुन्हा तिथे राहायला कधी आली नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. इतकं मोठं शहर, इतके दिवे, इतकी माणसं ओळखीची झालेली, आणि कारण काय तर हवा! मग हसू मावळलं. आम्ही इथे आहोत त्याला तेरा वर्षं झाली. परत का जावं आणि का जाऊ नये याची कारणं आम्ही मोठी मोठी सांगतो. नोकरी, शाळा, आईवडिलांचं वय, ग्रीन कार्डाची रांग. कारण मोठं असलं की सांगताना बरं वाटतं. खरं कारण दह्यासारखं काहीतरी असतं, की ते इथे विरजलं तर लागत नाही आणि लागलं तरी तसं लागत नाही. पण दह्यासाठी परत गेले असं कोण सांगणार? ती सांगून गेली. आणि गेली म्हणून काही तिचं बाहेरचं संपलं नाही. ज्यांच्या गॅलरीने जॅक्सन पोलॉकला दाखवलं होतं त्या बेटी पार्सन्सनी १९६५पासून तिची प्रदर्शनं लावली. कामं न्यूयॉर्कला जात राहिली, ती तोक्योत. शाई मात्र तोक्योच्या हवेत फुटायची. तिथल्या झोजोजी देवळात १९७४ साली तिने केलेलं भलंथोरलं भित्तिचित्र आहे. लिथोग्राफ करायची, पण छापून झालेल्या प्रतीवरही स्वतःच्या हाताने एखादा फटकारा ओढायची, म्हणजे शंभर प्रतींतल्या कुठल्याही दोन सारख्या नाहीत. आणि लिहायचीसुद्धा. शाईच्या रंगावरच्या तिच्या ललित लेखांच्या पुस्तकाला १९७९ साली जपानमधल्या निबंधकारांच्या संस्थेचं पारितोषिक मिळालं. २०२१च्या मार्चमध्ये गेली तेव्हा वय १०७. त्याच महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला १०८ पूर्ण झाली असती. माळ पुरी व्हायला एक मणी कमी.

आमच्या बाई परत गेल्या नाहीत. मी कधी विचारलं नाही, पण वर्ग संपल्यावर ब्रश धुताना त्या तुकड्यातुकड्याने बोलत. लग्न होऊन आल्या, नवऱ्याची नोकरी, मुलं, मग नवरा गेला. सुलेखनावर इथे कुणाचं घर चालत नाही. हॉटेलची पाटी, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण, वसंतात चेरी फुलली की मेळ्यातला तंबू, शाळांत झाडूएवढ्या ब्रशने करून दाखवायचं प्रात्यक्षिक. आणि नावं. “हजारो नावं,” त्या म्हणाल्या. “जपानमध्ये मला कुणी नाव लिहायला सांगितलं नसतं. तिथे प्रत्येकाला स्वतःचं नाव लिहिता येतं.” यात दुःख होतं की गंमत ते मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही ठरवायचं नसावं. मला आपले दिवाळीतले लोक आठवले, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रांगोळीच्या टेबलामागे बसवलेल्या काकू. येणारी प्रत्येक अमेरिकन बाई म्हणते, ‘हाऊ ब्यूटिफुल’, आणि काकू हसून तिच्या हातात चिमूटभर रांगोळी देतात. चिमटीतून ती धार सोडायला काकूंना किती वर्षं लागली, ते त्या टेबलावर दिसत नाही.

एप्रिलमध्ये मी मोडीच्या फ्रेमचा फोटो काढून पुण्याला एका मैत्रिणीच्या वडिलांना पाठवला. निवृत्तीनंतर ते हौसेने मोडी शिकलेत. मला पोटातून धाकधूक होती. इतकी वर्षं भिंतीवर आहे. एखादी सनद निघाली तर? निदान एखादं कौटुंबिक पत्र, चार मायेच्या ओळी? दोन दिवसांनी काकांचा व्हिडिओ कॉल आला. चष्मा कपाळावर, खुशीत. “अगं, तुझ्या पणजोबांनी शेजाऱ्याकडून पाच पायल्या भात उसना घेतला होता. सुगीला परत करीन, न केल्यास सवाई, असं लिहून दिलंय. खाली दोघा साक्षीदारांची नावं आहेत. तिसरी ओळ लागत नाही, शाई पसरलीय.” मी विचारलं, परत केला का? “कागद तुमच्याच ट्रंकेत सापडला म्हणतेस ना? मग फेडलाच असणार. फेडल्यावरच कागद परत मिळतो.” सुटल्यासारखं वाटलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही. आमच्या पाहुण्यांनी वाइनचे ग्लास हातात धरून पणजोबांच्या उधारीचं कौतुक केलं होतं. फ्रेम काढावी असं दोन दिवस मनात होतं. मग राहू दिली. पण आता तिच्याकडे बघितलं की आधीसारखं दिसत नाही. रेघा दिसायच्या तिथे आता पायल्या दिसतात. सौंदर्य गेलं असं म्हणवत नाही, पण बघणं मात्र गेलं. ती एक पसरलेली तिसरी ओळ तेवढी अजून नुसती बघता येते.

जुलैमध्ये सत्राचा शेवटचा वर्ग होता. बाहेर पाऊस पडून गेलेला आणि नेमका त्या दिवशी हॉलचा एसी बंद. न्यू जर्सीचा जुलै असा असतो, की चिपळूणच्या माणसाला पण म्हणावं लागतं, जरा जास्तच झालं. लोक कागदाने वारा घेत होते. बाईंनी दोन्ही खिडक्या उघडल्या आणि किटली पिशवीतून बाहेर काढलीच नाही. त्या दिवशी त्या वेगळ्याच दिसत होत्या, कानामागे घामाचे थेंब आणि चेहरा मात्र उजळलेला. मी शेवटी एकदाचं सांगून टाकलं, की जानेवारीत मी ती भरगच्च अक्षरं मागितली होती तेव्हा तुम्ही अर्थ म्हणालात, तर माझ्या मुलाच्या नावाला अर्थ आहे. ईशान म्हणजे शंकर, आणि ईशान्य म्हणजे उत्तर आणि पूर्व यांच्या मधली दिशा. आमच्याकडे ती देवाची. घर बांधताना त्या कोपऱ्यात देवघर करतात. बाई ऐकता ऐकता थांबल्या, आणि मग तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या, की मला कळेना काय झालं. जपानात ईशान्य म्हणजे किमोन. राक्षसांच्या येण्याचं दार. क्योतोच्या ईशान्येला हिएई डोंगरावरचं मोठं देऊळ आहे ते शहराची ती बाजू राखायला. तिथे लोक घराचं तोंड त्या दिशेला करत नाहीत. “बरं झालं,” डोळे पुसत त्या म्हणाल्या, “साधं लिहिलं.”

मग त्यांनी एक कोरा कागद अंथरला आणि ईशानचं नाव पुन्हा लिहिलं. तसंच, त्याच साध्या अक्षरांत, पण या वेळी मोठं, हळू. पहिल्या दोन रेघा, टिंबं, हूक. मधली उभी रेघ त्यांनी खूप सावकाश आणली, आणि खाली येता येता ब्रश जिथे थांबला तिथे शाई कागदात उतरली. कडा हलली. काळ्यातून करडं निघालं, करड्यातून आणखी फिकट, आणि ते पसरत बाजूच्या टिंबाच्या दिशेने निघालं. आता लागणार, लागणार असं झालं. माझा हात आपोआप टेबलावरच्या टिश्यूच्या खोक्याकडे गेला. बाईंनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं, आणि शाई थांबेपर्यंत सोडलं नाही.